पोचलेल्या फाइली आणि हरवलेली मांडणी: बीटा आवृत्तीतील हस्तांतरणाचे एक प्रकरण

आमच्या एका सहकारी संशोधिकेकडे जुन्या हस्तलिखित वह्यांच्या छायाप्रतींचा संग्रह होता. वह्या ४१. प्रत्येक वहीचा एक फोल्डर आणि त्याच्या आत ‘मूळ’, ‘स्वच्छ’ व ‘लिप्यंतर’ असे तीन उपफोल्डर होते. ‘मूळ’मध्ये पानांची छायाचित्रे, ‘स्वच्छ’मध्ये त्याच छायाचित्रांच्या डाग काढून सरळ केलेल्या प्रती आणि ‘लिप्यंतर’मध्ये पानागणिक एक साधी मजकूर-फाइल. एकूण पाने ९८४, म्हणजे फाइली २,९५२. फाइलींना नावे नव्हती, फक्त पानांचे क्रमांक होते: ००१, ००२, ००३. ‘००१’ हे पान कोणत्या वहीचे आणि ती प्रत मूळ की स्वच्छ, हे फाइलीत कुठेही लिहिलेले नव्हते. ते केवळ तिच्या भोवतीच्या फोल्डरांवरून कळत होते. या प्रकरणातला सगळा त्रास या एका गोष्टीतून निघाला, म्हणून ती आरंभीच सांगितली.

संग्रह विंडोज असलेल्या लॅपटॉपवरून अँड्रॉइड टॅबलेटवर न्यायचा होता. दोन्ही उपकरणांवर फाइली पाठवण्याचे एकच अ‍ॅप होते, आणि नव्या सोयींसाठी दोन्हीकडे त्याची बीटा, म्हणजे अधिकृत होण्याआधी चाचणीसाठी दिलेली, आवृत्ती घेतलेली होती. हस्तांतरण वाय-फायवरून झाले. शेवटी पडद्यावर ‘२,९५२ पैकी २,९५२ फाइली पूर्ण’ असा संदेश आला. एकही चूक नोंदली गेली नाही. प्रत्यक्षात टॅबलेटवर एकच फोल्डर होता आणि त्यात सर्वच्या सर्व फाइली एकापुढे एक पडलेल्या होत्या. ‘००१’ नावाचे छायाचित्र एकदा होते, त्यानंतर ‘००१ (१)’, ‘००१ (२)’ असे वाढत जाऊन शेवट ‘००१ (८१)’ वर झाला होता. ४१ वह्यांचे प्रत्येकी दोन छायाचित्र-फोल्डर, म्हणजे पहिल्या पानाच्या ८२ प्रती. हिशेब अचूक जुळत होता. पहिल्या पानाचा मजकूर मात्र ‘००१ (४०)’ पर्यंतच गेला होता, कारण लिप्यंतराचा फोल्डर प्रत्येक वहीत एकच. या आकड्यांवरून निदान एवढे तरी दिसले की अ‍ॅपने एका फाइलीवर दुसरी लिहिलेली नाही. समान नावाची फाइल आल्यावर जुनी पुसून टाकणारी साधनेही असतात. तसे झाले असते तर संदेश तोच राहिला असता आणि टॅबलेटवर मूठभर फाइली उरल्या असत्या.

ही गोष्ट आमच्यापर्यंत दोन दिवसांनी आली, आणि त्या दोन दिवसांत संशोधिकाबाईंनी काम थांबवले नव्हते. त्या हव्या त्या पानाचे छायाचित्र शोधून, त्याचा मजकूर उघडून टॅबलेटवरच दुरुस्त्या करत होत्या. म्हणजे त्या विस्कळीत फोल्डरात आता अशाही काही फाइली होत्या ज्या जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. शिवाय लॅपटॉप लवकरच परत करायचा असून त्याची डिस्क पुसली जाणार होती.

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हतेच. लॅपटॉप परत करणे थांबवले. टॅबलेटवरचा तो फोल्डर आहे त्या स्थितीत केबलने एका बाह्य डिस्कवर उतरवला आणि त्या प्रतीला कोणी हात लावायचा नाही असे ठरवले. अ‍ॅपमधील आपोआप जुळवून घेण्याची (सिंक) सोय दोन्हीकडे बंद केली, कारण ती चालू राहिली असती तर टॅबलेटवरची सपाट मांडणी हीच नवी आणि खरी समजून लॅपटॉपवरचे फोल्डर मोडले जाण्याची भीती होती. बीटा काढून स्थिर आवृत्ती बसवून बघण्याचा मोह स्वाभाविक होता. पण अँड्रॉइडवर नव्या आवृत्तीवर जुनी आवृत्ती थेट बसवता येत नाही, आधीची काढावी लागते, आणि अ‍ॅप काढले की त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत साठवलेल्या फाइलीही त्याबरोबर जातात. हे अ‍ॅप आलेल्या फाइली नेमक्या तशाच जागेत ठेवत होते. घाईने अ‍ॅप काढले असते तर दोन दिवसांच्या दुरुस्त्या कायमच्या गेल्या असत्या. बीटा आवृत्तीबाबत ‘काढून पुन्हा बसवा’ हा सल्ला सहज दिला जातो. माझ्या मते फाइली बाहेर सुरक्षित काढल्याखेरीज तो कोणी देऊ नये आणि घेऊही नये.

त्यानंतरचा प्रश्न असा की मांडणी खरोखर मोडली आहे, की केवळ तशी दिसते आहे? छायाचित्रे दाखवणारी अ‍ॅप्स बहुधा डिस्कवरची उतरंड दाखवत नाहीत. अँड्रॉइडमध्ये माध्यम-फाइलींची एक वेगळी सूची असते आणि अल्बमचे नाव म्हणून तिच्यातून सहसा फक्त सर्वांत आतल्या फोल्डरचे नाव घेतले जाते. त्यामुळे मांडणी शाबूत असती, तरी ‘मूळ’ नावाचे ४१ अल्बम एकसारखे दिसले असते आणि पाहणाऱ्याला सगळे विस्कटल्याचा भास झाला असता. अशा वेळी छायाचित्रांचे अ‍ॅप बाजूला ठेवून फाइल व्यवस्थापकात फाइलीचा पूर्ण पाथ, म्हणजे ती कोणकोणत्या फोल्डरांच्या आत आहे, ते पाहावे. आम्ही तो पाहिला. उतरंड खरोखरच नव्हती.

आता ती नेमकी कुठे गळाली याचा शोध. फोल्डर म्हणजे फाइलीचा भाग नव्हे. फाइलीचा आशय एक माहिती, तिचा पाथ ही दुसरी माहिती, आणि हस्तांतरणात या दोन माहित्या स्वतंत्रपणे प्रवास करतात. पाठवणारा फाइलींची यादी करतो, प्रत्येक नोंदीला सापेक्ष पाथ (पाठवलेल्या फोल्डरपासून मोजलेला) जोडतो, ते दोन्ही जाळ्यावरून जाते, घेणारा त्या पाथवरून फोल्डर उघडतो आणि फाइल लिहितो. यांपैकी एका पायरीने पाथ टाकून दिला, तरी आशय सुखरूप पोचतो आणि फाइली मोजणाऱ्या संदेशाला काहीच कमी दिसत नाही.

शोधासाठी खरा संग्रह वापरला नाही. ‘चाचणी’ नावाचा एक छोटा फोल्डर केला, तीन पातळ्या खोल. त्यात दोन वेगळ्या जागी एकाच नावाच्या पण वेगळ्या मजकुराच्या दोन फाइली ठेवल्या, एक पूर्ण रिकामा फोल्डर ठेवला आणि काही नावे देवनागरीत, काही रोमनमध्ये दिली. सगळ्या मिळून सात फाइली. प्रत्येक प्रयोगानंतर त्या एका नजरेत तपासता येत होत्या. तीन हजार फाइलींवर प्रयोग केला असता तर प्रत्येक वेळी निकाल काय लागला हेच समजायला तास गेला असता.

पहिली फेरी केबलवरून, अ‍ॅपविना. मांडणी जशीच्या तशी पोचली. केबलवर वापरल्या जाणाऱ्या एमटीपी या पद्धतीत फोल्डर हीच एक स्वतंत्र वस्तू मानली जाते आणि प्रत्येक फाइलीबरोबर तिच्या पालक फोल्डरचा क्रमांक सांगितला जातो. तिथे मांडणी गळायला सहसा वाव नसतो. यावरून टॅबलेटची साठवण फोल्डर नाकारत नाही, हे ठरले. दुसरी फेरी त्याच अ‍ॅपने, पण एका लॅपटॉपवरून दुसऱ्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे बीटा. मांडणी मोडली. म्हणजे अँड्रॉइड निर्दोष.

तिसरी फेरी निर्णायक ठरली. दोन लॅपटॉपांवर बीटा आणि स्थिर आवृत्तीच्या चारही जोड्या लावून पाहिल्या. दोन्हीकडे स्थिर असताना मांडणी टिकली. पाठवणारा बीटा आणि घेणारा स्थिर असतानाही टिकली. पाठवणारा स्थिर आणि घेणारा बीटा असताना मोडली, आणि दोन्हीकडे बीटा असताना मोडते हे आधीच दिसले होते. घेणारा बदलला की निकाल बदलतो, पाठवणारा बदलून काही फरक पडत नाही; दोष घेणाऱ्या बाजूच्या बीटामध्ये होता. या फेरीला अर्धा तास लागला. त्याआधी लॅपटॉपवरच्या सेटिंग्ज चाळण्यात आमची एक दुपार गेली होती, आणि ती सगळी चुकीच्या उपकरणावर गेली होती.

दोन्ही बाजूंचे लॉग, म्हणजे आपोआप लिहिल्या गेलेल्या कामाच्या नोंदी, शेजारीशेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये ‘चाचणी/आत/आणखी आत/००१’ असा संपूर्ण सापेक्ष पाथ होता. घेणाऱ्याच्या लॉगमध्ये त्याच फाइलीपुढे फक्त ‘००१’ होते. याच बीटाच्या बदलांच्या यादीत एक ओळ होती: येणाऱ्या फाइलींची नावे आता सुरक्षिततेसाठी स्वच्छ केली जातात.

ही ओळ वाचताना तिच्यामागचे कारण समजून घेणे मला न्याय्य वाटते. पाठवणाऱ्याने नावात लागोपाठ दोन टिंबे आणि तिरकी रेघ असे तुकडे घातले, तर भाबडा घेणारा ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर जाऊन भलतीच फाइल बदलू शकतो. हा धोका फार जुना आहे. २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने तो पुन्हा चर्चेत आला, तेव्हा संकुचित फाइली उलगडणाऱ्या अनेक प्रणालींमध्ये हीच उणीव आढळली होती. यावर योग्य उपाय असा की आलेला पाथ आधी सरळ करून घ्यावा, तो ठरवलेल्या फोल्डरच्या आतच राहतो ना हे तपासावे आणि राहत नसेल तर ती फाइल नाकारावी. सोपा उपाय असा की शेवटच्या तिरक्या रेघेआधीचे सगळे कापून टाकावे. दुसऱ्या उपायाने धोका जातो, पण त्याबरोबर निर्दोष फोल्डरही जातात. बीटाने दुसरा उपाय केला होता. हेतू चांगला होता आणि दोष खरा होता.

कारण कळले तरी संग्रह अजून विस्कळीतच होता. संशोधिकाबाईंची पहिली कल्पना टॅबलेटवरच्या २,९५२ फाइली एकेक उघडून योग्य फोल्डरात हलवण्याची होती. तसे करण्याची गरज नव्हती. मूळ मांडणी लॅपटॉपवर शाबूत होती. तिथून ती पुन्हा नेता येत होती. प्रश्न फक्त दुरुस्त केलेल्या मजकूर-फाइलींचा होता. त्या शोधायच्या, कोणत्या वहीच्या ते ठरवायचे आणि मूळ मांडणीत बसवायच्या, एवढेच काम होते.

दोन्ही बाजूंच्या प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने निघणारा ठसा, काढला. फाइलीच्या आशयात एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो, आणि नाव किंवा जागा बदलली तरी तो बदलत नाही. त्यामुळे ‘००१ (६३)’ हे पान कुठून आले हे नाव न पाहता सांगता येते. सर्व १,९६८ छायाचित्रे जुळली. ९८४ मजकूर-फाइलींपैकी ९२७ जुळल्या आणि ५७ जुळल्या नाहीत. बदलाच्या वेळेनुसार लावले असता हस्तांतरणानंतर हात लागलेल्या ६३ फाइली निघत होत्या, पण त्यांतल्या सहा केवळ उघडून पुन्हा जतन केलेल्या होत्या. मजकूर तोच होता. वेळ हा दुय्यम पुरावा म्हणून उपयोगी पडला, मुख्य पुरावा हॅशच.

आता या ५७ फाइली कोणत्या वहीच्या? कंसातला आकडा वहीचा क्रमांक असेल असे पहिल्यांदा वाटते. तो तसा नव्हता. सगळ्या वह्या सारख्या जाडीच्या नव्हत्या. ज्या वहीत १८ च पाने तिच्यात ‘०२५’ नाहीच, म्हणून पुढच्या पानांसाठी क्रम सरकत जातो. त्यात अ‍ॅप एका वेळी अनेक फाइली पाठवत असल्याने कोणती आधी पोचेल याचीही खात्री नव्हती. कंसातल्या आकड्यावर विसंबून दुरुस्त्या बसवल्या असत्या, तर काही पाने शांतपणे दुसऱ्याच वहीत गेली असती आणि ते कदाचित कधीच लक्षात आले नसते.

त्याऐवजी वजाबाकी केली. समजा दुरुस्त फाइल ‘०१७’ या पानाची आहे. लॅपटॉपवर ‘०१७’च्या जेवढ्या मूळ मजकूर-फाइली आहेत, त्यांतल्या कोणत्या टॅबलेटवर सापडत नाहीत ते पाहायचे. एकच सापडत नसेल, तर दुरुस्त फाइल तिचीच. अशा रीतीने ३१ फाइलींची वही नक्की झाली. जिथे एकाच पानक्रमांकाच्या दोन-तीन फाइली दुरुस्त झालेल्या होत्या, तिथे प्रत्येक दुरुस्त मजकूर त्या दोन-तीन मूळ मजकुरांशी ओळीओळीने ताडून पाहिला. दुरुस्ती कितीही झाली तरी बहुतेक ओळी तशाच राहतात, त्यामुळे आणखी २२ सुटल्या.

राहिलेल्या चार फाइलींनी मात्र अडवले. काही पानांचे लिप्यंतर अजून झालेले नव्हते आणि त्यांच्या जागी शून्य बाइटच्या रिकाम्या फाइली ठेवलेल्या होत्या. सर्व रिकाम्या फाइलींचा हॅश एकच असतो, ‘ई३बी०सी४४२’ ने सुरू होणारा. त्यांतली एखादी टॅबलेटवर नव्याने भरली गेली, तर रिकाम्या फाइलींची संख्या एकाने घटली एवढेच कळते. कोणत्या वहीची घटली हे कळत नाही, आणि ताडून पाहायला मूळ ओळही नसते. या चार फाइली संशोधिकाबाईंनी स्वतः छायाचित्रे समोर ठेवून वाचल्या आणि जागी लावल्या. हॅशने जिथवर नेले त्यापुढे हस्ताक्षर ओळखणारा माणूसच लागला.

यात एक आडवळण आले, तेही सांगतो. पडताळणीसाठी आम्ही वह्यांच्या नावांची यादी संशोधिकाबाईंच्या हाताने टंकलेल्या तक्त्यातून घेतली होती, आणि ‘दुसऱ्या खेपेतील’ असे नाव असलेली एकही वही डिस्कवर सापडेना. डोळ्यांना दोन्हीकडचे नाव सारखेच दिसत होते. लॅपटॉपच्या कळफलकाने ‘ऱ्य’ लिहिताना युनिकोडमधील (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीतील) ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ वापरले होते, तर तक्ता भरलेल्या फोनच्या कळफलकाने साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. संगणकाच्या दृष्टीने ही दोन निराळी नावे आहेत, आणि एकच अक्षर लिहिण्याचे वेगवेगळे प्रकार एक करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. तेव्हापासून फोल्डरांची यादी थेट डिस्कवरूनच काढून घेतो.

पुनर्स्थापनेसाठी स्थिर आवृत्ती वापरली. बाह्य डिस्कवरील प्रतीची पुन्हा खात्री करून घेतली, टॅबलेटवरचा बीटा काढला, स्थिर आवृत्ती बसवली आणि संग्रह पाठवला. मांडणी टिकली, पण पोचल्या २,८८० च फाइली. एका वहीच्या सर्व ७२ फाइली नाकारल्या गेल्या होत्या.

कारण त्या वहीच्या लांबलचक नावात होते. विंडोजच्या एनटीएफएस साठवणीत एका नावाला २५५ एककांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकच एकक धरले जाते. अँड्रॉइडवर प्रचलित असलेल्या ईएक्सटी४ आणि एफ२एफएस या साठवणींत मर्यादा २५५ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड चिन्हे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजून, तीन बाइट घेते. या वहीच्या नावात ८६ देवनागरी चिन्हे आणि १२ रिकाम्या जागा होत्या: ८६ गुणिले ३ म्हणजे २५८, त्यात १२ मिळवून २७० बाइट. लॅपटॉपला ते नाव चालत होते, टॅबलेटला नाही. इंग्रजीत नावे देणाऱ्यांना ही मर्यादा क्वचितच जाणवते; देवनागरीत मात्र ती ८५ चिन्हांवरच गाठली जाते. बीटाने फोल्डरच टाकून दिल्याने ही दुसरी अडचण पहिल्या वेळी झाकली गेली होती. नाव आटोपशीर केले, मूळ लांब नाव फोल्डरातल्या एका मजकूर-फाइलीत लिहून ठेवले आणि त्या ७२ फाइली पुन्हा पाठवल्या. वाढीव मजकूर-फाइल धरून टॅबलेटवर आता २,९५३ फाइली झाल्या.

अंतिम पडताळणीत फाइलींची संख्या किंवा एकूण आकारमान पाहिले नाही, कारण ती दोन्ही पहिल्याच दिवशी बरोबर होती. दोन्ही उपकरणांवरून ‘सापेक्ष पाथ आणि हॅश’ अशा जोड्यांच्या याद्या काढल्या, क्रमवार लावल्या आणि एकमेकींशी ताडल्या. फरक ५७ ठिकाणी आला, म्हणजे जिथे यायला हवा तिथेच, कारण दुरुस्त मजकूर आम्ही टॅबलेटवर बसवला होता. ते लॅपटॉपवरही घातल्यावर दोन्ही याद्या एकरूप झाल्या. त्यानंतरच लॅपटॉप परत गेला.

ज्यांना बीटा सोडता येत नाही, त्यांच्यासाठी तात्पुरता मार्ग आम्ही तपासून पाहिला: सगळा संग्रह एकाच झिप फाइलीत बांधून पाठवणे. झिपमध्ये प्रत्येक फाइलीचा पाथ आतच लिहिलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याने बाहेरचा पाथ कापला तरी काही बिघडत नाही. मात्र झिप करणाऱ्या साधनाने नावे यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण लावलेली हवी. ती नसेल तर उलगडताना देवनागरी नावांची जागा निरर्थक चिन्हे घेतात. आधी एकच वही बांधून, पाठवून, उलगडून पाहावी.

दोषाची नोंद विकसकांना पाठवताना तिच्यात खाजगी संग्रहातले काहीही दिले नाही. सात फाइलींचा ‘चाचणी’ फोल्डर, दोन्ही बाजूंच्या आवृत्त्यांचे पूर्ण क्रमांक, चार जोड्यांचे चार निकाल आणि दोन्ही लॉगमधील एकेक ओळ, एवढेच जोडले. ‘फोल्डर हरवतात’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘घेणारा बीटा असेल तरच हरवतात’ हे पहिल्याच वाक्यात लिहिले. पूर्णत्वाचा संदेश फाइली मोजतो आणि मांडणी तपासत नाही, हा स्वतंत्र दोष म्हणून वेगळा नोंदवला. माझ्या मते दोहोंत हा अधिक गंभीर आहे, कारण त्याच्यामुळेच दोन दिवस कोणाला काही कळले नाही.

पुढच्या बीटामध्ये पाथ कापणे बंद होऊन तो तपासणे सुरू झाले. आम्ही तोच ‘चाचणी’ फोल्डर पुन्हा पाठवून पाहिला; या वेळी त्यात ९८ चिन्हांचे ते लांब नावही घातले होते. तिन्ही पातळ्या पोचल्या, समान नावाच्या दोन फाइली आपापल्या जागी राहिल्या, आणि लांब नावाचा फोल्डर नाकारल्याची सूचना स्पष्ट शब्दांत पडद्यावर आली. रिकामा फोल्डर मात्र अजूनही पोचत नाही, कारण अ‍ॅप आपली यादी फाइलींवरून बनवते आणि ज्यात फाइलच नाही असा फोल्डर तिच्यात येत नाही. ती नोंद अद्याप खुली आहे.